ताटीच्या आतली पोरं

आळंदीत मुलांना पखवाज शिकवताना एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आमचा सगळा परमार्थ 'मी'पणा घालवायला सांगतो. नववीतल्या पोराचा 'मी' तर अजून धड उभाही राहिलेला नसतो. भेटेल त्याच्या पाया पडायला शिकलेलं हे पोर, मित्रांनी गुटख्याची पुडी पुढं केली की नाही कसं म्हणणार?

या पोरांच्या कपाळी गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीला मधल्या सुट्टीत कुणीतरी मुद्दाम वडापाव नाकापुढं धरतं. काही जण शाळेच्या वळणावरच गंध पुसतात. मला त्यांचा राग येत नाही.

लोकांचं असं वागणं ज्ञानदेवांनाही लागलं होतं. त्यांचा जन्म १२७५चा, मुक्ताईचा १२७९चा, असं परंपरा मानते. म्हणजे लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून बसलेला भाऊ आणि बाहेरून विनवणारी बहीण, दोघंही कोवळीच. संन्याशाची पोरं म्हणून याच गावानं त्यांना वाळीत टाकलेलं. मुक्ताई मात्र गावाला शिव्या देत नाही. योग्यानं जगाचा राग सोसायचा असतो, याची आठवण देते आणि दार उघडायला लावते. तेही त्याच लोकांसाठी! आम्ही कीर्तनात यावर रडतो, घरी मात्र पोराला 'लोक काय म्हणतील' हेच ऐकवतो.

पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर मला वाटतं, पाया पडणाऱ्याला समोरच्याकडून काही नको असतं. टोळक्यात शिरू पाहणाऱ्याला हवं असतं, म्हणून तो वाकतो. बाहेरून दोन्ही वाकणं सारखीच दिसतात.

पण टोळकं पानटपरीवरच असतं असं थोडंच आहे? दिंडीतल्या सगळ्यांनी घातली म्हणून ज्यानं माळ घातली, तो हॉस्टेलात कुणाच्याच गळ्यात नाही म्हणून काढणारच. त्यामुळं आईबापांनी धरून आणलेल्या पोराला माळ घालायची घाई नको, असं मी सांगतो. यावरून दोन-चार जाणती मंडळी माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

परवा एकानं पखवाजाच्या धुमेला कणीक लावता लावता, मान वर न करता विचारलं, "महाराज, माळ काढली तर शिकवाल ना?"

"शिकवीन की. पण कुणाला भिऊन काढतोयस?"

"घालतानाही भ्यालोच होतो, महाराज. आजोबांना."

त्याला म्हटलं, आजोबांशी मी बोलतो. तू तेवढा भजनी ठेका पक्का कर.