नाकाला कळतं ते, डोळ्यांना दिसतं ते

स्वयंपाक आटोपला आहे, ओटा पुसून झाला आहे, शेगडी गार आहे. तिच्यापाशी जरा थांबा. नाकानं सावकाश श्वास घ्या. फोडणीचा वास अजून रेंगाळत असेल, ओल्या फडक्याचा असेल. येऊ द्या, जाऊ द्या. त्यांच्या आड कुजक्या कोबीसारखा दर्प कुठे लागतो का, एवढंच बघा. बर्नरजवळ बघा, मग खाली वाकून रबरी नळी आणि रेग्युलेटरपाशी.

हा दर्प गॅसचा स्वतःचा नसतो, हे थोडं मनात घोळवू या. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला जवळजवळ वासच नाही. इथाइल मरकॅप्टन नावाचं द्रव्य त्यात मुद्दाम, अगदी अल्प प्रमाणात मिसळलेलं असतं. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेखाली नैसर्गिक वायू साचत गेला. वास नव्हता, कुणाला कळलं नाही. कार्यशाळेतलं विजेचं यंत्र सुरू करताना ठिणगी पडली. सुमारे ३०० जण गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर टेक्सासनं गॅसला वास देणं कायद्यानं सक्तीचं केलं. आपल्या ओट्याखालच्या त्या दर्पामागे अशी मुलं आहेत. तो आला की नाक मुरडून पुढच्या कामाला लागू नये. आणि नाक फार लवकर सरावतं. वास येईनासा झाला म्हणजे गळती थांबली असं धरू नका.

कुठेच वास नसेल, तर आता बर्नर पेटवा. वर भांडं ठेवू नका. नुसतं पाहत राहा.

जेटच्या बारीक भोकातून गॅस वेगानं सुटतो, जाताना हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांशी पेटतात. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आखूड, स्थिर राहते. एकेका छिद्रावरून नजर फिरवा. कुठे ज्योतच नाही? दूध उतू गेलं असेल, साय तिथे जळून बसली असेल. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी, फरफरत जळते? हवा किंवा दाब जास्त आहे. मिठाचं पाणी सांडून क्षणभर केशरी चमकली, तर काळजी नको. ते सोडियम, लगेच जातं.

पिवळी, लांब, डुलणारी ज्योत मात्र जाऊ देऊ नका. तिला हवा कमी पडते आहे. न जळलेला कार्बन तापून पिवळा दिसतो आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरतो. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो, आणि त्याला वास नाही. इथे नाक कामाचं नाही, डोळ्यांनीच राखण करायची. बर्नर बंद करा, खिडकी उघडा. गार झाल्यावर बर्नर काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, छिद्रं टाचणीनं मोकळी करा, पूर्ण वाळवून नीट जागेवर बसवा. नळीच्या तोंडाशी धूळ किंवा कोळ्याचं जाळंही असू शकतं. तरीही पिवळीच राहिली, तर जेट आणि हवेची झडप मेकॅनिकलाच बघू द्या.

शेवटी डोळे मिटून एक उजळणी. वास आला आहे. हात दिव्याच्या बटणाकडे जातो, तो मध्येच थांबवा. बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनचंसुद्धा. देवाजवळचं निरांजन, उदबत्ती विझवा. शेगडीची कळ बंद, रेग्युलेटर बंद, सिलिंडरवर सुरक्षा टोपी. खिडक्या उघडा आणि दारही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. (पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो.) घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

माणूस येऊन साबणाच्या पाण्यानं सांधे तपासेपर्यंत काही पेटवायचं नाही. त्या दिवशी जेवण शेजारच्या काकूंकडे झालं तरी चालेल.