पाहणाऱ्यांनी घडवलेले किल्ले

नॉयश्वानस्टाइन किल्ल्याची पायाभरणी ५ सप्टेंबर १८६९ रोजी झाली. तोवर मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन सोळा वर्षं उलटली होती, आणि पुढे बव्हेरियातल्या त्या डोंगरावर काम रेंगाळत चाललं होतं तेव्हा इकडे बोरीबंदरला व्हीटी स्टेशनची इमारत उभी राहत होती. ज्या बुरुजांचं नुसतं चित्र पाहून आपल्या मनात मध्ययुग जागं होतं, ते बुरुज आणि व्हीटीचा घुमट एकाच वयाचे. आत विटांच्या भिंती, त्यावर चुनखडीच्या दगडाचं आवरण. तळघरातून वर येणारी गरम हवा, नोकरांसाठी विजेच्या घंटा, टेलिफोन. सुरुवातीची चित्रं काढली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने. सिंहासनाच्या दालनात सिंहासन काही आलं नाही. १३ जून १८८६ रोजी राजा लुडविग दुसरा याचा श्टार्नबर्गच्या तळ्यात मृत्यू झाला आणि सातच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, तिकीट काढलेले लोक त्याच्या शयनगृहातून फिरू लागले.

एकांतासाठी बांधलेल्या वास्तूत आज वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, ही विसंगती तिथला प्रत्येक गाईड रंगवून सांगतो. मला त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १८६७ साली लुडविग स्वतः दोन सहली करून आला होता. एक टुरिंगियातल्या वार्टबुर्गची, दुसरी फ्रान्समधल्या पिएरफोंची. वार्टबुर्गचा नुकताच जीर्णोद्धार झाला होता आणि पिएरफोंचा किल्ला व्हिओले-ल-द्यूक हा वास्तुविशारद आपल्या कल्पनेतल्या मध्ययुगानुसार नव्याने उभारत होता. म्हणजे राजाने जे पाहून आपला किल्ला मनात धरला, तेच मुळी ताजं होतं. नॉयश्वानस्टाइन ही एका पर्यटकाने आणलेली आठवणीची वस्तू आहे, फक्त ती बांधायला डोंगरमाथा सुरुंगाने सपाट करावा लागला. (जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात लुडविगचे राजवाडे आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. एकीकडे लढायांसाठी बांधलेलं दुर्गजाळं, दुसरीकडे १८६६ ची लढाई प्रशियाकडून हरलेल्या राजाने लढाईचा विषयच सोडून बांधलेली स्वप्नं. यादीला दोन्ही सारखेच.)

आपण असं धरून चालतो की आधी इतिहास घडतो, त्याची धूळ बसते, आणि मग कॅमेरा घेऊन पाहुणा येतो. जर्मनीतल्या जुन्या गावांतून फिरताना हा क्रम टिकत नाही. तिथे पाहुणा इतिहासातच शिरलेला आहे. त्याने वास्तू वाचवल्या, बांधायला लावल्या, आणि एकदा तर जाळायलाही हातभार लावला.

ऱ्हाईनच्या मधल्या खोऱ्यात हे अगदी उघड दिसतं. पासष्ट किलोमीटरच्या त्या घळईत जवळपास चाळीस किल्ले आणि भग्न गढ्या आहेत. त्यांतले बरेच सतराव्या शतकात फ्रेंचांनी उडवून दिलेले होते आणि शंभर-सव्वाशे वर्षं त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. नेपोलियन हरल्यावर इंग्रज आले. १८१७ मध्ये चित्रकार टर्नरने ऱ्हाईनकाठी रेखाटनांच्या वह्या भरल्या. १८२७ पासून कोलोन आणि माइन्झच्या दरम्यान वाफेच्या बोटी नियमित धावू लागल्या. मग प्रशियाच्या राजपुत्रांनाही ते अवशेष हवेसे वाटले. राइनस्टाइन १८२० च्या दशकात बांधून निघाला, श्टोल्झेनफेल्स १८४२ मध्ये. बोटीतून छान दिसावेत असेच ते बांधले गेले. लोरेलाय कड्यावरच्या सुंदरीची जुनाट वाटणारी कथासुद्धा क्लेमेन्स ब्रेंटानोने १८०१ च्या सुमारास रचली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखी वाटावी याची सोय पुढे हाइनेच्या कवितेने केली.

पण हे सगळं नीट समजून घ्यायचं तर हायडेलबर्गला जावं.

नेकार नदीवरच्या तांबड्या वालुकाश्माच्या त्या किल्ल्याला फ्रेंच सैन्याने दोनदा सुरुंग लावले, १६८९ मध्ये आणि १६९३ मध्ये. चौदाव्या लुईने या युद्धासाठी आपल्या भावजयीचा वारसाहक्क पुढे केला होता. ही भावजय, लिझेलोट, हायडेलबर्गच्याच राजघराण्याची लेक. आपल्या नावाने आपलंच माहेर बेचिराख होतंय हे तिने व्हर्सायमध्ये बसून ऐकलं, आणि तिच्या पत्रांतून तो सल शेवटपर्यंत जात नाही. दारूगोळ्याच्या बुरुजाची जाडजूड भिंत त्या स्फोटात फाकेसारखी चिरली आणि तो अख्खा तुकडा खंदकात कलंडला. आजही तो तसाच पडलेला आहे, झुडपं उगवलेला, आणि मला विचाराल तर संपूर्ण हायडेलबर्गमधलं सर्वांत बोलकं शिल्प तेच. पुढे डागडुजीचा विचार चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली. त्यानंतर गावकऱ्यांनी दगड उचलून न्यायला सुरुवात केली, जे कोणत्याही गावचे लोक करतात.

ते थांबवलं एका फ्रेंच माणसाने. चार्ल्स द ग्रेंबर्ग हा क्रांतीमुळे देशोधडीला लागलेला उमराव १८१० मध्ये इथे आला आणि राहिला. भग्नावशेषांची चित्रं काढायची, त्यांचे छापे करून प्रवाशांना विकायचे, आणि दगड न्यायला येणाऱ्यांना हुसकावायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता. अधिकृत नेमणूक नाही, पगार नाही. किल्ला कसा दिसतो हे युरोपला त्याच्या छाप्यांतून कळलं, त्यामुळे लोक आले, आणि लोक आले म्हणून किल्ला राखण्याजोगा ठरला.

शतकाच्या अखेरीस कार्ल शेफर या वास्तुविशारदाने किल्ल्यातल्या फ्रीडरिश महालाचा जीर्णोद्धार केला. छत आलं, आत नक्षीकाम आलं, सोळाव्या-सतराव्या शतकात असायला हवं होतं असं शेफरला वाटलं ते सगळं आलं. आता शेजारचा ओटहाइनरिश महाल, असा बेत होता. त्यावर गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराने १९०१ मध्ये हल्ला चढवला. जे उरलंय ते राखा, जे गेलंय ते गेलं असं मान्य करा. आजच्या माणसाने जुन्याच्या नावाने केलेलं काम कितीही अभ्यासाचं असलं तरी ते खोटं, ही त्याची भूमिका. वाद अनेक वर्षं चालला. डेहिओची बाजू जिंकली, आणि ओटहाइनरिश महालाचा नक्षीदार दर्शनी भाग आजही छताविना उभा आहे. खिडक्यांतून पलीकडे आभाळ दिसतं.

आपल्याकडच्या वाचकाला डेहिओ पटकन पटेल असं मला वाटत नाही. मंदिराचा जीर्णोद्धार हे आपण पुण्यकर्म मानतो. अहिल्याबाईंनी काशीचं देऊळ नव्याने बांधलं तेव्हा जुने दगड किती वापरले हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण देव तोच होता. डेहिओच्या किल्ल्यात देव नव्हता. राजेही केव्हाच मानहाइमला गेले होते. उरले होते फक्त दगड, आणि दगडांचा खरेपणा हाच तिथला एकमेव पूजाविषय. तरी एक गोष्ट तोही नजरेआड करतो. ज्या भग्न सौंदर्याचा त्याने कैवार घेतला, ते सौंदर्य ग्रेंबर्गच्या छाप्यांनी आणि टर्नरच्या जलरंगांनी लोकांच्या डोळ्यांत भरवलेलं होतं. वेली चढलेला, संध्याकाळच्या उन्हातला अवशेष हीसुद्धा एक मांडणीच होती, फक्त ती करणाऱ्यांच्या हातात थापी नव्हती.

हायडेलबर्ग म्हटलं की मराठी माणसाला किल्ल्याआधी एक नाव आठवायला हवं, ते गुंथर सोन्थायमर यांचं. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारा हा अभ्यासक धनगरवाड्यांवर राहिला, ओव्या ध्वनिमुद्रित करत गेला, आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाला. जेजुरीकडे आपण नवसाला जायचं ठिकाण म्हणून पाहत होतो. पशुपालकांच्या भटकंतीचा, लग्नसंबंधांचा, दख्खनच्या पावसापाण्याचा इतिहास त्या देवांत साठलेला आहे हे या पाहुण्याने दाखवलं. बाहेरच्या नजरेला नेहमीच वरवरची ठरवणाऱ्यांनी सोन्थायमर आणि ग्रेंबर्ग दोघांनाही जमेला धरावं.

उलटी उदाहरणंही भरपूर आहेत. वार्टबुर्गवर १५२१-२२ मध्ये मार्टिन लूथर खोट्या नावाने लपून राहिला होता आणि काही आठवड्यांत त्याने ‘नव्या करारा’चं जर्मन भाषांतर केलं. त्याने सैतानाला दौत फेकून मारली अशी कथा पसरली. पाहुणे भिंतीवर शाईचा डाग शोधू लागले, मग डाग उमटला. भाविक त्याचा गिलावा खरवडून घरी नेत, आणि डाग पुन्हा रंगवला जाई. आता तिथे उघडी भिंत आहे. अनेकांचा त्यामुळे हिरमोड होतो.

कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने काढलेल्या मार्गदर्शिकांनी तर पाहण्यालाच शिस्त लावली. लाल कापडाची बांधणी, नकाशे, आणि न चुकवण्याजोग्या स्थळांना तारका. १९४२ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश विमानांनी ल्यूबेक जाळलं. दाटीवाटीच्या त्या जुन्या गावात लाकूड भरपूर, त्यामुळे आग लवकर धरणार, हा निवडीमागचा हिशोब होता. उत्तरादाखल जर्मनीने एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कॅंटरबरी अशी इंग्लंडची देखणी, लष्करी महत्त्व नसलेली शहरं निवडली. बेडेकरमध्ये तारका असलेली प्रत्येक इमारत पाडू, अशा अर्थाची फुशारकी जर्मन परराष्ट्र खात्यातल्या एकाने मारली, आणि त्या हल्ल्यांना बेडेकरचंच नाव चिकटलं. डिसेंबर १९४३ मध्ये लाइपझिशवरच्या बॉम्बहल्ल्यात बेडेकर कंपनीची इमारत तिच्या दफ्तरासकट जळाली. ल्यूबेकच्या मारियन चर्चमध्ये मार्च १९४२ च्या त्या रात्री मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटा जिथे पडल्या तिथेच फुटक्या अवस्थेत ठेवल्या आहेत. वितळून फरशीत रुतलेलं ते धातूचं ढेकूळ पाहताना डेहिओ बरोबर वाटतो.

रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर हे गाव मात्र दुसऱ्या बाजूचं. ३१ मार्च १९४५ ला त्यावर बॉम्ब पडले, पूर्वेकडची दोनशेहून जास्त घरं आणि तटाचा मोठा भाग गेला. त्यानंतर तोफांचा मारा व्हायचा होता. तो टळला याचं श्रेय अमेरिकेचे तेव्हाचे सहायक युद्धमंत्री जॉन मॅकक्लॉय यांना दिलं जातं: त्यांची आई तरुणपणी रोटेनबुर्गला येऊन गेली होती आणि तिने आणलेलं गावाचं चित्र लहानपणापासून त्यांच्या घरात होतं. पुढे तट पुन्हा बांधला तो जगभरच्या वर्गण्यांतून. देणगीदारांची नावं कोरलेले दगड तटाच्या आतून चालताना ओळीने लागतात, त्यांत जपानी नावं बरीच. याच गावाने ऑक्टोबर १९३८ मध्ये, देशभरातली सिनेगॉग जळण्याच्या काही आठवडे आधीच, आपले उरलेसुरले यहुदी हाकलून दिले होते. जर्मनपणाचा आदर्श नमुना म्हणून नाझी राजवट तेव्हा कामगारांच्या सहली इथे आणत होती. आईच्या भिंतीवरचं चित्र आणि सहलीतल्या कामगाराला दाखवलेलं चित्र एकच होतं.

फ्रँकफर्टमध्ये हे सगळे धागे एका चौकात येऊन गुंततात. गटेचं जन्मघर २२ मार्च १९४४ रोजी, त्याच्या पुण्यतिथीलाच, बॉम्बहल्ल्यात कोसळलं. ते जसंच्या तसं बांधावं का यावर १९४७ मध्ये वाद पेटला. वाल्टर डिर्क्स या कॅथलिक लेखकाने विरोध केला. हे घर इस्त्रीने लागलेल्या आगीत गेलेलं नाही, ते गेलं त्यामागे या देशाने केलेली कृत्यं आहेत, तेव्हा त्याचा निरोप घेण्याचं धैर्य दाखवावं, असा त्याचा युक्तिवाद. तो हरला, १९५१ मध्ये घर उभं राहिलं. डिर्क्सचं म्हणणं मला पटतं, पण त्या घरात शिरल्यावर प्रकरण इतकं सरळ राहत नाही. घराचं सामान युद्धात वेळीच हलवलेलं होतं. इतर ऐतिहासिक घरांत भिंती खऱ्या आणि खुर्च्या कुठूनतरी जमवलेल्या असतात. इथे भिंती नव्या आणि आतलं घड्याळ, चित्रं, टेबलं खरी आहेत.

२०१८ मध्ये तिथून जवळच, कॅथिड्रल आणि नगरभवन यांच्यामध्ये, ‘नवं जुनं शहर’ खुलं झालं. सत्तरच्या दशकातली काँक्रीटची सरकारी इमारत पाडून त्या जागी पस्तीस घरं बांधली, त्यांतली पंधरा जुन्यांच्या बरहुकूम. या पुनर्बांधणीची मागणी आधी अतिउजव्या वर्तुळातून आली, असा आरोप श्टेफान ट्रूबी या वास्तुसिद्धांतकाराने त्याच वर्षी केला आणि वृत्तपत्रांची पानं भरली. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की एका कार्यालयाच्या तळघरात पाच घरांचे पाये आहेत. हे पाये १४६२ पासून यहुद्यांना जिथे कोंडून ठेवलं होतं त्या गल्लीतले. १९८७ मध्ये बांधकाम करताना ते सापडले, त्यांच्यावर इमारत उभारण्याविरुद्ध लोकांनी निदर्शनं केली, अखेर तडजोड म्हणून पाच घरांचे अवशेष राखून १९९२ मध्ये संग्रहालय झालं. मी सांगेन की आधी या तळघरात जावं आणि मगच त्या चौकात यावं.

चौकातलं सर्वांत देखणं घर ‘सोन्याचा तराजू’. लाकडी चौकटींचं, सोनेरी नक्षीचं. या चौकाला अस्सल जर्मन म्हणणाऱ्यांच्या छायाचित्रांत ते हटकून असतं. मूळ घर १६१८-१९ मध्ये आब्राहाम फान हामेलने बांधलं. तो मसाल्यांचा व्यापारी, स्पॅनिश अमलाखालच्या नेदरलँड्समधून धर्मामुळे परागंदा होऊन आलेला निर्वासित. बांधकाम चालू असताना शेजाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध नगरपरिषदेकडे तक्रारी केल्या होत्या.