वळणावरचा दोष

यंत्रातील दोष दोन जातींचे असतात. एक दोष स्थिर असतो. तो सकाळी असतो, सायंकाळीही असतो. मालकापुढे जसा असतो, तसाच मिस्त्रीपुढेही असतो. तुटलेली साखळी कोणापासून लपून राहत नाही. दुसरा दोष पाळीच्या तापासारखा असतो. येतो, जातो आणि वैद्यापुढे उभे राहिले की नेमका उतरलेला असतो. पहिल्या दोषाने आपल्या खिशाची परीक्षा होते. दुसऱ्याने आपल्या विवेकाची. या दुसऱ्या परीक्षेत आम्ही कसे अनुत्तीर्ण झालो, ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्याकडे १९८९ सालची एक बुलेट आहे. १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि या गाडीचे कूळ आपल्या देशात रुजले. आमची गाडी त्याच कुळातील. अनेक वर्षे तिने आमचा शब्द खाली पडू दिला नव्हता. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मात्र तिचे वागणे बदलले. धावता धावता ती मध्येच ठोका चुकवी, सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज करी आणि पुन्हा जणू काही घडलेच नाही अशा लयीत चालू लागे. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी 'मिसिंग' करू लागली.

वाचकांपैकी ज्यांचा इंजिनाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अशा चार टप्प्यांच्या इंजिनात चाकदांड्याच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ ठिणग्या झाल्या. जुन्या गाड्यांत ही ठिणगी 'पॉइंट' नावाच्या दोन लहान धातूच्या टोकांवर अवलंबून असते. ती मिटली की बॅटरीचा प्रवाह कॉइलमध्ये शिरतो. उघडली की तो एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी उमटते. उघडलेल्या पॉइंटमधील अंतर फार तर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. शेजारचा कंडेन्सर त्या टोकांना जळण्यापासून वाचवतो. या मालिकेतील एक दुवा क्षणभर सैल झाला, की ठोका चुकतो. पेट्रोल अडले तरीही चुकतो. संशयित अनेक, आणि साक्षीदार एकच: आपला कान.

अशा वेळी अनुभवी मिस्त्री एक नियम पाळतो. एका वेळी एकच वस्तू बदलावी, मग गाडी चालवून पाहावी आणि मगच पुढे जावे. आम्ही उतावीळपणे एकाच संध्याकाळी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर असे तिन्ही बदलले. दोन दिवस गाडी सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी दोष परतला. ते दोन दिवस आमच्या उपचाराचे फळ नव्हते. ती केवळ तापाची विश्रांती होती. शांततेला बरे होणे समजण्याची ही चूक माणूस फार सहज करतो. घरातील भांडण दोन दिवस थांबले की ते मिटले असेही आपण असेच समजतो.

त्यानंतर आम्ही विचार करू लागलो. आणि खेदाची गोष्ट ही, की आमचा खरा प्रमाद विचारातूनच झाला. वसईच्या सरळ हमरस्त्यावर गाडी तक्रार करीत नसे. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद, वळणावळणाच्या गल्लीत शिरली, की ठोके चुकू लागत. आम्ही अनुमान बांधले: गल्लीत वेग कमी असतो, कमी वेगात इंजिनाला पेट्रोल पुरवते ती कार्बोरेटरमधील बारीक जेट, म्हणजे तीच तुंबली असणार, आणि पंधरवड्यापूर्वी कार्बोरेटर साफ केला होता गॅरेजमधील शिकाऊ मुलाने. प्रत्येक पायरी कशी चोख! एका कड्यात दुसरे कडे अडकत गेले आणि साखळीच्या शेवटी एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बांधला गेला.

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालो, "याने हात लावल्यापासूनच गाडी बिघडली." मुलगा एवढेच म्हणाला, "फादर, मी जेट उजेडात धरून बघितली होती." उस्तादाने त्याला आमच्यासमोर खडसावले. कार्बोरेटर पुन्हा उघडला गेला. आत कचरा सापडला नाही. पण सापडला नाही याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही. त्या दिवसापासून मुलाच्या हातचे कार्बोरेटरचे काम गेले आणि त्याला साखळ्या धुण्यास बसविण्यात आले.

आपल्या परंपरेत काकतालीय न्याय सांगितला आहे: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ. सेमिनरीत आम्हांला हाच धडा लॅटिनमधून मिळाला होता: 'पोस्ट हॉक एर्गो प्रॉप्टर हॉक', म्हणजे नंतर घडले म्हणून त्यामुळेच घडले असे मानण्याचा हेत्वाभास. दोन भाषांतून शिकलेला धडा तिसऱ्या भाषेत, गॅरेजच्या मराठीत, आम्ही विसरलो.

तीन आठवड्यांनी उलगडा झाला, तोही योगायोगाने. रात्री अंगणात गाडी चालू करून उभी केली होती. फाटकाकडे वळविण्यासाठी हँडल डावीकडे फिरवले आणि इंजिनाने मान टाकली. हँडल सरळ केले, पुन्हा किक मारली, चालू झाले. पुन्हा डावीकडे, पुन्हा ठोका चुकला. दुसऱ्या दिवशी उस्तादाने कॉइलला प्रवाह आणणाऱ्या टोकाशी एक लहान दिवा जोडला. हँडल फिरविताच दिवा मिचकावू लागला, आणि दिव्याबरोबर इंजिन. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हीच कसोटी मांडली होती: एक गोष्ट बदलली की तिच्याबरोबर दुसरीही बदलते, तेथे कार्यकारणाचा शोध घ्यावा.

या गाडीची चावी हेडलाइटच्या घराच्या माथ्यावर असते. म्हणून कॉइलकडे जाणारा प्रवाह हँडलच्या मानेवरून ये-जा करतो, आणि प्रत्येक वळणावर त्या वायरी वाकतात. एका वायरीच्या आतील तांब्याच्या तारा तुटल्या होत्या. वरचे प्लास्टिक मात्र धडधाकट होते. हँडल सरळ असता तुटलेली टोके एकमेकांना टेकत. वळले की सुटत. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर, हँडल सरळ! दोष दिसावा कसा? गल्लीचे रहस्य वेगात नव्हते, वळणात होते. शिवाय पेट्रोल कमी पडले तर इंजिन दमल्यासारखे हळूहळू मंदावते. वीज तुटली तर एका क्षणात ठोका जातो आणि न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन फटाका वाजतो. तो फटाका रोज ऐकूनही आम्ही पेट्रोललाच दोष देत होतो.

आणि त्या तारा तुटल्या कशाने? दोन पावसाळ्यांपूर्वी लोंबणाऱ्या वायरी नीटनेटक्या दिसाव्यात, म्हणून कोणीतरी त्या चिकटपट्टीने मानेशी घट्ट आवळून टाकल्या होत्या. त्यामुळे त्या रोज एकाच जागी वाकू लागल्या. तो कोणीतरी म्हणजे आम्हीच. संशयितांच्या यादीत आम्ही पेट्रोलपंप घातला होता, पाऊस घातला होता, मुलगा घातला होता. स्वतःचे नाव तेवढे लिहिले नव्हते.

यातून जो नैतिक प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा' ग्रंथात केलेला आहे. वस्तूंविषयी निर्णय करणे वेगळे आणि माणसांविषयी निर्णय करणे वेगळे, असे ते म्हणतात. वस्तूविषयी आपण चुकीचे मत बनविले, तर वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे सत्य काय एवढेच पाहावे. माणसाविषयी वाईट मत बनविले, तर तेवढ्यानेच त्याचे काही हिरावले जाते. म्हणून उघड पुरावा नसेल, तर संशयाचा लाभ माणसाला द्यावा. असे करताना आपण कधी फसू, हे ते मान्य करतात. पण सज्जनाला एकदा दुर्जन ठरविण्यापेक्षा दुर्जनाला अनेकदा सज्जन समजून फसणे त्यांना बरे वाटते.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याला सर्वांवर संशय घ्यावाच लागतो. कंडेन्सरवर संशय घेतला, तो निर्दोष निघाला, त्याला परत जागेवर बसविले. कंडेन्सरला त्याचे दुःख नाही. परंतु यंत्रावरचा संशय त्याच साखळीने सरकत माणसापर्यंत आला, की तेथे थांबण्याची जबाबदारी आपली असते. त्या पायरीवर पुराव्याचे माप बदलले पाहिजे. आम्ही जेटवर जेवढ्या पुराव्याने संशय घेतला, तेवढ्याच पुराव्याने मुलावर घेतला, आणि तोही चारचौघांत उच्चारला. यावर कोणी विचारील, मग काम बिघडविणाऱ्याला जाब विचारूच नये काय? अवश्य विचारावा, पण तो प्रश्न असावा, निकाल नव्हे. "जेट कशी साफ केलीस?" एवढे जरी आम्ही एकांतात विचारले असते, तरी उजेडात धरलेल्या त्या जेटची साक्ष आम्हांला वेळीच ऐकू आली असती.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. ज्या जागी आरोप केला होता त्याच जागी, गिऱ्हाइकांदेखत. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, तुटलेली वायर हातात घेतली, वाकवून पाहिली आणि म्हणाला, "बाहेरून कळत नाही." उस्तादाने त्याला कार्बोरेटरचे काम परत दिले. नवी वायर घातली, या वेळी वळणाला पुरेल एवढी सैल ठेवून. गाडीने त्यानंतर ठोका चुकविलेला नाही.

मात्र पुढे कित्येक महिने तो मुलगा कार्बोरेटर बंद करण्यापूर्वी उस्तादाला हाक मारून म्हणे, "एकदा बघता का?" पूर्वी तो तसे म्हणत नसे. ती वायर बदलायला पाऊण तास लागला होता.