न्यायालयाचा उंबरठा

न्यायाचा विचार करताना आपण बहुधा निकालापासून आरंभ करतो. आरोपी दोषी होता की निर्दोष, शिक्षा योग्य होती की कठोर, या प्रश्नांत आपण गुंततो. पण तो न्यायालयाच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे सहसा विचारीत नाही. प्रत्यर्पण, म्हणजे एका सत्तेने आरोपीला दुसऱ्या सत्तेच्या हवाली करणे, हा या वाटेचाच व्यवहार होय. त्यातील नैतिक पेच असा : आरोपीला आणण्याची रीत सदोष असेल, तर पुढचा न्याय निर्दोष राहू शकतो काय?

छत्तीसगढला हा प्रश्न परका नाही. ब्रिटिश अमदानीत रायपूर हा खालसा मुलूख, तर शेजारचे नांदगाव हे संस्थान. १९०३च्या प्रत्यर्पण कायद्यान्वये ठरावीक गुन्ह्यांसाठी पोलिटिकल एजंटाच्या वॉरंटावर खालसा मुलखातील माणूस संस्थानच्या हवाली करता येई. हद्द ओलांडण्याचा निर्णय न्यायाधीशाचा नव्हे, तर शासनाच्या प्रतिनिधीचा असे.

हाच पेच जगाच्या पटावर उभा राहिला तो विनायक दामोदर सावरकर यांच्या खटल्यात. त्यांच्या विचारांविषयी आपले मत काहीही असो, येथे प्रश्न न्यायाच्या रीतीचा आहे. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनला अटक झाली. पाठवणी अन्यायकारक वा जुलमी ठरत असेल, तर ती रोखण्याचा अधिकार १८८१च्या फरारी गुन्हेगार कायद्याने तेथील न्यायालयाला दिला होता. मुंबईत तर ज्यूरी नसलेले आणि अपिलाची वाट बंद असलेले तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायासन होते. तरीही तो अधिकार वापरला गेला नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेतली. फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात आले. आरोपी समोर कसा आणला गेला याने आपल्या अधिकाराला बाध येत नाही, असे मुंबईच्या न्यायासनाने ठरविले. फेब्रुवारी १९११ मध्ये हेगच्या लवादाने हवाली करण्यात अनियमितता झाल्याचे मान्य केले, मात्र कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निवाडा दिला. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. शिवाय हेगचा वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातला. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो त्यात पक्षकारही नव्हता.

या न्यायाधीशांना वरून हुकूम आला होता, असे म्हणण्याची गरज नाही. हुकुमाचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. 'हा माणूस येथे कसा आला?' असे सत्तेला विचारण्याची आणि उत्तर सदोष असल्यास ते निकालात जमेस धरण्याची तयारी, हे न्यायालयीन स्वातंत्र्याचे खरे लक्षण होय.

यावर आक्षेप येईल की, अशा चिकित्सेने गुन्हेगार सुटतील आणि बळी पडलेल्यांचे दुःख दुर्लक्षिले जाईल. आक्षेप गंभीर आहे. पण चिकित्सा म्हणजे सुटका नव्हे. २००५ मध्ये पोर्तुगालने अबू सालेमला भारताच्या स्वाधीन केले, ते फाशी वा पंचवीस वर्षांहून अधिक कैद होणार नाही या भारताच्या हमीवर. पुढे मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्याला जन्मठेप झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, पण पंचवीस वर्षे पूर्ण होताच दिलेला शब्द पाळणे केंद्र सरकारवर बंधनकारक आहे, असेही सांगितले. गुन्ह्याची तीव्रता तिळमात्र कमी झाली नाही. राज्याचा शब्दही राहिला.

सावरकरांच्या मागे लोकांची सहानुभूती होती, सालेमच्या मागे ती नाही. म्हणूनच दुसरे उदाहरण अधिक बोलके ठरते. आपल्याला प्रिय असणाऱ्यासाठी न्याय्य रीत मागणे सोपे. ज्याच्याविषयी मनात घृणा आहे, त्याच्यासाठीही ती मागावी लागते, तेव्हाच ती रीत तत्त्वाच्या पदवीला पोहोचते.