बावीस वेळा अठरा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. २२ खाटा. वैशालीला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते, पण हात भराभर चालायचा. रात्री आठला सुरू केलेला टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) पाऊण तासात उरकायचा. थर्मामीटर, नाडी, बीपी, की पुढची खाट.

त्या रात्री मोठ्या सिस्टर ड्यूटीवर होत्या. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी चार्ट हातात घेतला आणि श्वासाच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. १८, १८, १८… शेवटपर्यंत १८.

“काय गं, या बावीसजणी एकाच तालात श्वास घेतात होय? वॉर्डात भजनी मंडळ भरलंय का?”

वैशाली ओशाळली. “कुणाला धाप नव्हती, सिस्टर. नॉर्मल १२ ते २० असतो, म्हणून…”

“म्हणून त्यातलाच एक आकडा टाकलास. चल माझ्याबरोबर.”

चार नंबरच्या बाईंचं बीपी १५८/९६ लिहिलं होतं. “घेताना काय करत होत्या या?”

“बाथरूमहून नुकत्याच आल्या होत्या. सुनेशी फोनवर बोलत होत्या.”

सिस्टरांनी फोन बाजूला ठेवायला लावला, बाईंना पाठ टेकवून बसवलं, लोंबकळणारे पाय स्टुलावर ठेवले, हाताखाली छातीच्या उंचीला येईल अशी उशी दिली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग पट्टा बांधला. १३६/८४.

“यंत्र खोटं बोललं नव्हतं बरं का. त्यानं सुनेशी वाद घालणाऱ्या बाईचं बीपी सांगितलं. आपल्याला स्वस्थ बसलेल्या बाईचं हवं होतं.”

नऊ नंबरला एक आजी होत्या. अशक्तपणा आणि बारीक ताप म्हणून आदल्या दिवशी दाखल झालेल्या. डोळे मिटून गप्प पडल्या होत्या.

“आजी, नाडी बघते हं,” म्हणत सिस्टरांनी मनगट धरलं. नाडी मोजून झाली तरी हात सोडला नाही. नजर मात्र आजींच्या गोधडीवर. छातीपाशी एक विटकं लाल फूल शिवलेलं होतं. ते वर यायचं, खाली जायचं. वैशालीही घड्याळाकडे आणि फुलाकडे बघत मोजू लागली. पूर्ण एक मिनिट.

२८.

“पण सिस्टर, ताप १०० आहे, ऑक्सिजन ९४, बीपी चांगलं आहे…”

“म्हातारपणी ताप चढेलच असं नाही. डॉक्टरांना बोलाव.”

डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे खाली, कानाशी केस चोळावेत तशी करकर ऐकू आली. न्यूमोनिया. रात्रीच इंजेक्शनं सुरू झाली, ऑक्सिजन लागला.

बाराच्या सुमारास चहा घेताना वैशालीनं विचारलं, “मोजायचा होता श्वास, मग नाडी बघते असं का म्हणालात?”

“तू आता स्वतःचा श्वास मोज बघू.”

वैशालीनं लक्ष दिलं आणि तिचा श्वास अडखळलाच.

“बघितलंस? सांगून मोजला की माणूस श्वास बदलतो. शिवाय या वॉर्डात त्याला यंत्र नाही, खाटेपाशी उभं राहावं लागतं. म्हणून आपण नेमका तोच चुकवतो. शरीर बिघडायला लागलं की बऱ्याचदा आधी तोच वाढतो.”

वैशाली खाली मान घालून म्हणाली, “मग वेळ नसला तर काय करायचं?”

“रिकामा सोडायचा. रिकामा रकाना दिसला की डॉक्टर विचारतात, का नाही घेतला? १८ दिसला की पुढच्या खाटेकडे जातात. माझ्या एका १८ वर असेच एक डॉक्टर पुढे गेले होते. मी तुझ्याएवढी होते तेव्हा.” त्यापुढे सिस्टर काही बोलल्या नाहीत. कप विसळायला उठल्या.

सकाळचा टीपीआर संपायला दीड तास लागला. मोठ्या सिस्टरांनी पुन्हा बोट रकान्यावरून खाली नेलं. १६, २०, १४, १८… नऊ नंबरला २४. सतरा नंबरपाशी बोट थांबलं. तिथं आकडाच नव्हता. बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘पेशंट बाथरूममध्ये. परत बघायचं आहे.’

सिस्टरांनी काही न बोलता खाली सही केली. वैशाली घड्याळ घेऊन सतरा नंबरकडे निघाली होती.

तात्पर्य : न मोजता लिहिलेल्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा. तो निदान कुणाला तरी खाटेपाशी परत आणतो.