फ्रिजवरचा कागद

दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. तारीख, सकाळचे तापमान, संध्याकाळचे तापमान, सही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, म्हणून दिवसातून दोनदा बघायचे आणि लिहायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पेशंटचे लक्ष त्या कागदाकडे जात नाही. तपासणीला आलेल्याचे मात्र हमखास जाते.

बंगळूरच्या शिवाजीनगरात रसेल मार्केट आहे, बस स्टँड आहे, बौरिंग हॉस्पिटल आहे, आणि गल्लोगल्ली छोटे दवाखाने आहेत. बाहेरच्या बाकावर कन्नड, उर्दू, तमिळ आणि अधूनमधून आपली मराठीही ऐकू येते. भाषा वेगळ्या, पण डॉक्टर निवडण्याची रीत सगळ्यांची एकच. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असे कुणीतरी सांगते आणि आपण त्या पायऱ्या चढतो.

तपासणारे हातगुण विचारत नाहीत. हात धुवायला नळ कुठे आहे, तिथे साबण आहे का, हे बघतात. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे. एका खोलीच्या क्लिनिकलाही नोंदणी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र लोकांना दिसेल असे लावावे लागते. २०२४ मध्ये पाट्यांचे रंगही ठरवून दिले गेले : अ‍ॅलोपॅथीला निळा, आयुर्वेदाला हिरवा. आत गेल्यावर प्रश्न आणखी साधे होतात. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यातच पडते का? रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो का? हा कचरा ४८ तासांच्या आत उचलला जातो का? ट्रेमधल्या अ‍ॅड्रेनलिनची तारीख उलटली तर नाही?

हे सगळे नीट असले तर काय होते? काहीच होत नाही. कुणाला जंतुसंसर्ग होत नाही, कुणाला सुई लागत नाही. चांगल्या कामाचे हे एक अवघड लक्षण आहे. जे टळले, त्याबद्दल कुणी आभार मानायला येत नाही.

लसीचे तर त्याहून अवघड. हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते. पुन्हा वितळली की बाटली पहिल्यासारखीच दिसते. सरकारी लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो काळवंडतो, पण गोठलेले त्यालाही कळत नाही. टोचताना बाळ तितकेच रडते, आईला तितकेच हायसे वाटते. रात्री फ्रिजमध्ये काय झाले, हे सांगणारा बहुतेक वेळा एकच साक्षीदार उरतो. तो कागद.

असे दोन कागद डोळ्यांपुढे आणावेत. पहिल्यावर महिनाभर चारच अंश. सकाळी चार, संध्याकाळी चार. एकच पेन, एकाच दमात केलेल्या सह्या. दुसऱ्यावर तीन, पाच, सहा, पुन्हा चार. एका सकाळी अकरा, आणि त्यापुढे घाईत लिहिलेले : ‘रात्री करंट नव्हता. लसी बाजूला ठेवल्या, डॉक्टरांना कळवले.’

दिसायला पहिला कागद छान. पण मुलाला न्यायचे झाले, तर मी दुसऱ्या दवाखान्यात नेईन. सारखे आकडे तपासनिसासाठी लिहिलेले असतात, कमीजास्त आकडे लसीसाठी. ज्याने अकरा लिहिले, त्याने खरोखर फ्रिजजवळ जाऊन बघितले होते.

आपल्या दिवसांचेही असेच कागद आपण भरत असतो. ‘कसे चालले आहे?’ कुणी विचारले की आपण पटकन चार लिहितो. घरात चार, नोकरीत चार, तब्येत चार. विचारणाऱ्याचे समाधान होते. आतले तापमान मात्र बघायचे राहून जाते. एखादा दिवस अकराचा निघाला म्हणून आयुष्य नापास होत नाही. तो दिवस नोंदला गेला, तर निदान पुढचे काही करता येते.

विश्वास आणि तपासणी यांचे वैर नाही. न तपासलेला विश्वास सवय होऊन बसतो. आपल्या डॉक्टरांवर विश्वास जरूर ठेवा. पण इंजेक्शनच्या आधी ‘डॉक्टर, बाटलीवरची तारीख बघू का?’ असे विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.