वैराची गाठ

कादंबरी वाचताना वाचकाच्या मनात कधी कधी एक साधा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुढील सारी पाने व्यर्थ होतात. प्रश्न असा, की खलपुरुष नायकास एवढा छळतो आहे, तर नायक ते गाव सोडून का जात नाही? आणि खलपुरुषाने तरी या एकाच माणसाच्या मागे हात धुऊन का लागावे? ज्या कथेत या दोघांस परस्परांपासून दूर होण्याची वाट मोकळी आहे, तिच्यातील झगडा म्हणजे लेखकाने दोघांच्या माना धरून लावलेली झुंज होय.

ही अडचण ओळखून लेखक नाना बंधने शोधून काढतो. मृत्युपत्रातील एखादी अट, नदीस आलेला पूर, एकाच मुलीवर जडलेले दोघांचे मन, अशा दोरांनी तो त्यांस जखडतो. हे दोर अगदीच निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु बाहेरून बांधलेला दोर बाहेरूनच सुटतो. पूर ओसरला, की गोष्ट संपली. आमच्या मते खरी गाठ नायकाच्या सद्गुणातच पडते. ज्या गुणामुळे तो नायक ठरतो, त्याच गुणामुळे त्यास शत्रूच्या हातून निसटता येत नाही.

व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीत याचे उत्तम उदाहरण सापडते. पावाच्या चोरीपायी, व पुढे पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी, १९ वर्षे सक्तमजुरी भोगलेला ज्यां व्हालज्यां नाव पालटून एका गावचा नगराध्यक्ष होतो. तेथेच जाव्हेर हा पोलीस अधिकारी आहे. तो लाचखाऊ नाही. कायदा हेच त्याचे दैवत. त्याचा स्वतःचा जन्म तुरुंगात झालेला असल्यामुळे गुन्हेगाराविषयीचा त्याचा तिटकारा अधिकच तीव्र आहे. पुढे दुसऱ्याच एका गरीब इसमास व्हालज्यां समजून पकडण्यात येते. नायकाने नुसते मौन धरले असते, तरी जाव्हेरचा ससेमिरा जन्माचा चुकला असता. पण निरपराध्यास आपल्या जागी शिक्षा होऊ देणे त्याच्याने होत नाही. भर न्यायालयात तो आपली ओळख सांगतो, आणि सुटत आलेली गाठ आपल्याच हाताने घट्ट करतो.

महाभारतकारांनी तर ही गाठ युद्धापूर्वीच पारखून घेतली आहे. पाच गावांवर तडजोड करण्यास पांडव तयार होतात. सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देण्यास दुर्योधन नकार देतो. त्याहून मार्मिक प्रसंग कर्णाचा. श्रीकृष्णाकडून आपले जन्मरहस्य कळल्यावर कर्ण विनवितो, की हे धर्मराजास सांगू नये. कारण ते कळले तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनास देईन. धर्मराजाचे औदार्य व कर्णाची कृतज्ञता या दोन्ही गोष्टी कर्णास पुरत्या ठाऊक आहेत, आणि त्या ज्ञानामुळेच सख्खे भाऊ वैरी म्हणून रणांगणावर उभे राहतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. सद्गुणच जर बेडी ठरत असेल, तर लेखक वाचकास मुकाट्याने सोसण्याचा उपदेश करीत नाही काय? १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू पाहा. माहेर संपन्न असूनही ती मद्यपी सुधाकराचे घर सोडीत नाही. सुधाकरास दारूची वाट दाखविणारा तळीराम मरतो, तरी प्याला उरतोच. सिंधूच्या पातिव्रत्याने त्या काळच्या प्रेक्षकाचे समाधान झाले असेल. आजची मुलगी आईस विचारील, की ही निघून का गेली नाही? तो प्रश्न न्याय्य आहे. गाठ किती टिकेल हे त्या त्या काळी समाज कोणते बंधन अतूट मानतो यावर अवलंबून असते. म्हणून सज्जनास त्याच्या सद्गुणाने बांधणाऱ्या लेखकावर एक कर्तव्य येते: त्याने त्या बंधनाची किंमत लपवू नये. गडकऱ्यांनी ती लपविली नाही. मूलही जाते, सिंधूही जाते.

दुसरे कर्तव्य गाठ सोडविण्यासंबंधीचे. खलपुरुषास शेवटच्या प्रकरणात पटकीने किंवा आगगाडीच्या अपघाताने मारणारा लेखक वाचकास फसवितो. दुष्टपणा आपोआप नाहीसा होतो, आपणांस काही करावे लागत नाही, असे तो शिकवितो. ह्यूगोने तसे केले नाही. १८३२ च्या पॅरिसमधील उठावात जाव्हेर बंडवाल्यांच्या हाती सापडतो, आणि त्यास ठार मारण्याचे काम व्हालज्यां मागून घेतो. एका बाजूस नेऊन तो त्याचे दोर कापतो व हवेत बार काढतो. पुढे जाव्हेरही त्यास पकडण्याची संधी येऊन ती सोडून देतो. पण गुन्हेगाराकडून मिळालेली दया त्याच्या कायद्याच्या चौकटीत कोठेच बसत नाही, आणि तो सेन नदीत देह टाकतो.

ज्या सद्गुणाने गाठ घातली, त्यानेच ती सोडविली. मात्र ती सुटताना एका प्रामाणिक माणसाचा जीव गेला, याचे दुःख पुस्तक मिटल्यावरही वाचकाच्या मनातून जात नाही. शत्रूविषयी असे दुःख वाटावयास लावणे, हे कादंबरीच्या हातून घडणारे थोडके शिक्षण नव्हे.